दोन मजकूर

अभिनेत्री दामिनीताईंच्या पोस्ट प्रीतम लिहायचा, राजापेठेतल्या खोलीत बसून. घरी मात्र 'ताईंच्या ऑफिसात आहे' एवढंच ठाऊक. कुठे काही पेटलं की तो दोन मजकूर तयार ठेवायचा, एक बाजूचा, एक विरुद्ध. वारं पाहून ताई त्यातला एक निवडायच्या.

आज अकोल्यात वसतिगृहाच्या पाण्यात अळ्या निघाल्या म्हणून मुली रस्त्यावर बसल्या. सगळ्यांत पुढे त्याची बहीण माधवी. ताईंनी गेल्या महिन्यात व्हिडिओत म्हटलेली ओवी मुली गात होत्या, "बोल माझ्या मैने बोल, मुकी नको राहू बाई." आईच्या जात्यावरच्या चालीत ती प्रीतमनेच बांधून दिली होती.

दुपारी माधवीचा फोन आला. "भाऊ, पोलिसाची गाडी येऊन उभी हाय. ताईले सांग ना, एक शब्द बोला म्हणा."

त्याने घाईघाईने ताईंना फोन लावला. "ताई, पहिला, मुलींच्या बाजूचा टाकू ना? माझी बहीण आहे तिथं."

"वेडा आहेस का? तो वसतिगृहवाला आपल्या सिनेमाचा निर्माता आहे. दुसरा टाक."

त्याने ताईंच्या अकाउंटवर दुसरा टाकला. 'अभ्यास सोडून रस्त्यावर बसणं लेकींना शोभत नाही.'

पाचच मिनिटांत पुन्हा माधवी. मागे शिट्ट्या, आरडाओरडा.

"भाऊ, ताईचं अकाउंट कोणीतरी हॅक केलं रे! लवकर सांग त्यायले. पोरी उठून चालल्या होत्या, मीच बसवलं. म्हटलं, ताईचं खरं बोलणं येऊनच राहिलं."