गादीवरून सांगितलेलं

रामकिसनच्या घरात पोरींनी बापापुढं बोलायची रीत नव्हती. गोदा बारावी पास झाली आणि धीर करून म्हणाली, "आप्पा, मला शहरात कॉलेजला जायचंय." पानाला चुना लावता लावता त्यानं सांगितलं, "बिडकीनचे पाव्हणे येतेत. लग्नाचं बघ. गुमान ऱ्हा." ती गुमान राहिली.

पुढं गावच्या सप्त्यात गोदाचं पहिलं कीर्तन लागलं. कीर्तनाची गोडी बापानंच लावलेली, म्हणून गडी टाळ घेऊन तिच्या मागं ऐटीत उभा. निरूपण रंगात आलं तशी गोदा म्हणाली, "माय-बापहो, आमच्या आप्पांचं मन लई मोठं. बिडकीनच्या पाव्हण्यांना नाय म्हणले, आन् मला कॉलेजला धाडायलेत."

रामकिसनच्या हातातले टाळ थिजले. खोटंय म्हणावं, तर नारदाच्या गादीवर उभ्या माणसाला मधे तोडायचं नसतं, हे त्यानंच तिला शिकवलेलं. शेजारचा सोनाजी टाळकरी कानाशी लागला, "बाप असावा तर असा, गड्या."

तेवढ्यात गोदानं दोन्ही हात वर केले, "बोला, पुंडलिक वरदे..."

"हारि विठ्ठल!" अख्ख्या मंडपात रामकिसनचाच आवाज मोठा निघाला. जन्माची सवय; तोंड काय त्याला विचारायला थांबलं नाय.