मानेमागचं रफू

"खिळ्याला अडकला," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने सदरा फळीवर ठेवला.

रफूबाईने सदरा उजेडात धरला. खिळ्याने कापड कोनात फाटतं, हे तिला झोपेतही कळलं असतं. हा सदरा कॉलरखाली, मानेमागे, सरळ फाटला होता. धागे तुटण्याआधी चांगले ताणले गेले होते. कुणीतरी मागून धरून ओढलं होतं.

"गुरुवारी या," ती म्हणाली.

त्या काळी लोक कपडे टाकून देत नसत. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकावर पुन्हा कापड विणायचं. हात चांगला असेल तर फाटलं कुठे होतं, हे घालणाऱ्यालाही सापडत नसे. रफूबाईचा हात तसा होता. लांबलांबून कपडे यायचे. माणसं मात्र उंबऱ्याबाहेर. अकरा वर्षांत तिने कुणाला आत घेतलं नव्हतं.

शेजारची इस्त्रीवाली म्हणायची, "अगं, तुझा आवाज तुला तरी ऐकू येतो का? दुकान आहे की दवाखाना?"

रफूबाई नुसती हसायची. नवऱ्याचा विषय निघाला की मात्र ती सुई खाली ठेवायची. "मोडलं ते बरं झालं," एवढंच ती म्हणे. "नाहीतर त्या घरात कुणीतरी मेलं असतं." बायका समजायचं ते समजून घेत आणि दुसरं काहीतरी बोलू लागत.

चष्मेवाला पुढच्या महिन्यात दुसरा सदरा घेऊन आला. मग तिसरा. सगळे जुने, सगळे मानेमागे फाटलेले.

"खिळा नाही हा," तिसऱ्या वेळी ती म्हणाली.

त्याचा हात आपसूक मानेमागे गेला. "कसं ओळखलंत?"

"आमच्या घरी असेच फाटायचे कपडे."

मग तो पायरीवरच बसला आणि बोलला. बायकोपासून सुटून चार वर्षं झाली होती. हे सदरे पेटीत पडून होते. टाकवत नव्हते आणि घालवतही नव्हते. पुरुषाने बायकोचा मार खाल्ला, हे सांगायचं कुणाला? सख्ख्या भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, बांगड्या भर.

"तुम्ही हसला नाहीत," तो म्हणाला.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

त्यानंतर तो आपलं चष्म्यांचं दुकान बंद करून संध्याकाळी येऊ लागला. बारीक कामासाठी त्याने तिला चष्मा करून दिला. तिने त्याच्यासाठी खुर्ची आत घेतली आणि भिंतीला पाठ लागेल अशी ठेवली. ते त्याच्या लक्षात आलं. एकदा त्याच्या कसल्याशा बोलण्यावर ती खळखळून हसली, आणि दचकून तिने तोंडावर हात ठेवला.

"थांबलात का?"

"मोठ्या आवाजाची धास्ती वाटते."

"मलाही वाटायची," तो म्हणाला. "पण हा आवाज चांगला होता."

पावसाळा सरता सरता त्याने विचारलं, "दोघांनी दोन चुली कशाला पेटवायच्या?"

ती नाही म्हणाली. पुन्हा विचारलं तेव्हाही नाही म्हणाली.

"भीती वाटते?"

"हो."

"माझी?"

"तुमची नाही."

"ते दिवस गेले, बाई. तुमचेही, माझेही."

इस्त्रीवाली चिडली. "मुंगीलासुद्धा वाट देणारा माणूस आहे तो. अकरा वर्षं भिंतींशी बोलून भागलं नाही का तुझं? तू हो म्हण, नाहीतर मी म्हणते."

त्या रविवारी तिने दोन कप मांडले, एक परत उचलला, पुन्हा मांडला. इतकी वर्षं एकटीने काढली. आता तरी माणूस बदललेलं असतं की नाही, हे विचारायला तिच्याजवळ कुणी नव्हतं.

चष्मेवाला शेवटचा सदरा अंगावर घालूनच आला. "हा असाच बघा," म्हणाला. भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि तिच्याकडे पाठ करून थांबला.

"चार वर्षांत कुणाकडे पाठ केली नव्हती मी," तो हळूच म्हणाला. "मार म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तुमच्याकडे करतो. आता तरी उत्तर द्या."

तिने कॉलर बोटांत धरली.

"हो," ती म्हणाली.

रफू ती लग्नानंतर शिकली होती. रोज संध्याकाळी नवऱ्याचा सदरा तिच्याच हातून असा फाटायचा, आणि सकाळी तो कामावर जायच्या आत कुणाला कळू नये म्हणून तीच बसून तो सांधायची.