गुलनारचा पाचवा भाग

"समाधानदादा, पाच भागांची अख्खी कादंबरी छापून द्याल का? फुकट!"

गेम खेळणारी सगळी पोरं वळून बघायला लागली. दाराशी उभ्या पूजा आणि प्रतिभा तोंडावर ओढणी दाबून खिदळत होत्या. सगळ्यांसमोर फुकट मागून दाखवायची पैज त्यांचीच. पण दिशाची मान ताठ. नववीपर्यंत वर्गात तोंड न उघडणारी हीच का ती, असं बाईंनाही वाटायचं.

कॅफेवाला समाधान हसला. "रोज त्या एका राणीच्या चित्रापुढं बसतेस. फाईल आण, मग बघू."

"आणते. दिवाळी होऊ दे."

दोन हजार तीन साल होतं. पेठ रोडवरच्या त्या सायबर कॅफेत दिशाला ई-बुकांचा खजिना सापडला होता. आशियातल्या जुन्या राजघराण्यांवरच्या लांबलचक इंग्रजी कादंबऱ्या! चीनची एक, इराणची एक. दोन्हींचा तिनं फडशा पाडला. मग सापडली वाळवंटातली राणी गुलनार. पाच भाग.

तेव्हापासून शाळा सुटली की अर्धा तास कॅफे आणि संध्याकाळी अंगणात गुलनारची गोष्ट, मराठीतून. तिची आई मालनबाई झेंडूच्या माळा ओवायची. शेजारच्या भागुबाई न बोलावता मदतीला यायच्या. अप्पा खाटेवर पडून ऐकायचे, पण झोपल्याचं सोंग करून. त्यांनी आधीच बजावलं होतं, "दसऱ्यापर्यंत काय ते कम्प्युटर. मग दहावीचा अभ्यास."

कपटी सरदारानं रुमालाखाली बोटं दाबून किल्ल्याचा सौदा केला, तेव्हा मात्र अप्पा ताडकन उठून बसले.

"आरं तिच्या! आपल्या बैलबाजारात करत्यात तसंच की!"

"माणसं सगळीकडं सारखीच, अप्पा."

"अन् ती राणी सासूला तोंडावर बोलती ना," भागुबाई म्हणाल्या, "तवा लय गार वाटतं बघ जिवाला!"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चौथा भाग संपला. वेशीचा दरवाजा फुटला होता आणि गुलनार बुरुजावर एकटी.

"पुढं?" तिघांनी एकदम विचारलं.

"पाचव्या भागात."

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी दिशा कॅफेकडं निघाली, तर अप्पा दारात.

"काय ठरलं होतं आपलं?"

"ठरलं होतं. पण आता मीही एक ठरवलंय," दिशा म्हणाली. आई माळ तशीच हातात धरून बाहेर आली. "अभ्यास पहाटे करीन. पण दिवाळीच्या सुट्टीत मी रोज कॅफेत बसणार. गुलनार मराठीत टाइप करणार. पाचही भाग."

"येडी का काय? छापलेलं पुस्तक पुन्हा कशाला लिहायचं?"

"छापलेलं कुठंय, अप्पा? कॅफेत पहिल्या दिवसापासून त्याचं नुसतं मुखपृष्ठ उघडतंय. त्याच्या पुढचं पान मी अजून पाहिलेलंच नाही."