लाल ओळ

"सर, हा जॉब रोज सकाळी फेल होतोय. काढून टाकू?" नव्यानं टीममध्ये आलेल्या शाल्मलीनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. बिलं, पावत्या, रिपोर्ट अशी सर्व्हरवरची कामं रांगेतून हिरवी होऊन पुढे सरकत होती. मधली एकच ओळ लाल होती.

"राहू दे. तुला काय त्रास आहे त्याचा?" मी जरा जोरातच बोललो.

तो जॉब, म्हणजे रोज आपोआप चालणारा छोटासा प्रोग्रॅम, मीच पायथनमध्ये लिहिला होता. आई बीपीची गोळी विसरायची, म्हणून सकाळी तिच्या मोबाइलवर मेसेज जायचा, 'आई, गोळी घेतलीस का?' तिचं 'हो रे बाबा' माझ्या फोनवर यायचं. मग आई गेली. तिचं सिम बंद पडलं. पण फसलेल्या कामानं थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, असं मीच सांगून ठेवलेलं. त्यामुळे ते बिचारं दिवसभर तिला शोधत राहायचं. मला बरं वाटायचं. निदान कुणीतरी शोधत होतं.

आज शाल्मली हसतच आली. "सर, तुमचा जॉब पास झाला!"

ओळ खरंच हिरवी होती. म्हणजे आईचा नंबर आता दुसऱ्या कुणाला तरी मिळाला होता.

"काढून टाक," मी म्हणालो.

"अहो, आता चालायला लागल्यावर?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. आईच्या नावानं मेसेज होता.

'दादा, चुकून मला आलाय मेसेज. आईंना फोन करून विचारा, गोळी राहून जाईल.'