हाताचं वळण

बायकोला भरवायला यंत्र आणलं, तेव्हापासून नवऱ्याला टोचणी लागली होती. तिचे हात गेल्यापासून प्रत्येक घास त्यानेच भरवला होता. आता गुडघे आणि कंबर साथ देईनात, म्हणून तिला या लोखंडी हाताच्या हवाली करायचं. यंत्राला कुठली आलीय माया?

"काका, आठवडाभर तुम्ही याचा हात धरून काकूंना भरवा," कंपनीचा माणूस म्हणाला होता. "तुमचं बघून शिकेल ते."

आज कंपनीच्या माणसासमोर यंत्र पहिल्यांदाच एकट्याने भरवत होतं. त्याने चमचा भरला, वाटीच्या कडेला निथळवला आणि अलगद तिच्या तोंडाशी नेला. आधीचा घास अजून तिच्या तोंडातच होता. यंत्र क्षणभर थांबलं आणि चमच्याने तिच्या ओठांवर टकटक करू लागलं. तिने घाईघाईने घास गिळून आ केला.

कंपनीचा माणूस ओशाळला. "काहीतरी बिघडलंय काकू. असलं ठोकणं आम्ही यात घातलेलं नाही. लगेच काढून टाकतो."

"काढाच," नवरा तडकून म्हणाला. "माणसाला जेवू घालायची ही काय रीत झाली?"

"राहू द्या हो," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, असलंच तर थोडं कौतुकच होतं. "बिघडलेलं नाही काही. अगदी यांच्या वळणावर गेलंय."

नवऱ्याने नकळत दोन्ही हात पाठीमागे नेले.