स्पॅनिश उखाणा

"आजोबा, आता तुमचा उखाणा! तोही स्पॅनिशमध्ये!" माद्रिदहून आलेल्या नातसुनेने, लुसीयाने, मराठीत उखाणा घेताच बायकांनी मला घेरलं.

तिच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून मी घरी स्पॅनिश शिकत होतो, पण बोलायचा धीर होत नव्हता. आता तर शिकलेलं सगळं विसरलो. एका क्रियापदाचा घोकलेला विध्यर्थ तेवढा आठवला. डोळे मिटून तो पाढ्यासारखा म्हणून टाकला.

"आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन... कुमुदचं नाव घेतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लुसीया पोट धरून हसत होती.

"काय गं म्हणाले हे?" कुमुदने तिला विचारलं.

"मी बोलावं, तू बोलावंस, आपण सगळ्यांनी बोलावं," लुसीया अडखळत म्हणाली.

"अगं बाई! लग्न झाल्यापासून मी यांना दुसरं काय सांगतेय?"