नक्वीसाहेबांवर हसणारी फ्लॉपी

मंजिरीची नोकरी गेली. छे, तसं घडलंच नाही. कंपनीच्या साहेबांनी बजावलं होतं, "नक्वीसाहेबांनी फ्लॉपी परत केली, तर सोमवारपासून येऊ नकोस." फ्लॉपीतलं बीटा, म्हणजे अजून चाचणीतलं, सॉफ्टवेअर माइकमधून रेडिओवरची मोर्स संकेतांची टकटक ऐकून पडद्यावर अक्षरं उमटवायचं. चौकातल्या माडीवरच्या घरी हौशी रेडिओवाले नक्वीसाहेब अदबीने म्हणाले, "बिटिया, रेडियो बंद, फिर भी आपकी फ्लॉपी हम पर हँसती है." पडद्यावर 'एचआय एचआय' चाललं होतं, परवानाधारक हौशी रेडिओवाले मोर्समध्ये असंच हसतात. मंजिरीने माइकजवळच्या खिडकीतून डोकावलं. खाली कबाबवाला सुऱ्याने खिमा करत होता, खटखटखटखट, खटखट: चार ठोके, मग दोन, मोर्समधलं नेमकं 'एचआय'. ती ठामपणे म्हणाली, "सॉफ्टवेयर सही है, साहब. बिना लाइसेंस नीचेवाला बोल रहा है." "तौबा! तो कबाब छोड़ दें?" "लाइसेंस दिलवाइए." फ्लॉपी तिथेच राहिली. नक्वीसाहेबांचा अर्ज दिल्लीला गेला: "महोदय, आमच्या कबाबवाल्याच्या सुऱ्यास हौशी रेडिओचा परवाना मिळावा, ही विनंती."